मराठवाड्यातून सागरी जीवशास्त्राकडे: नवख्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही. त्यामुळे बारावीनंतर सागरी जीवशास्त्र शिकायचे आहे असे एखाद्या मुलीने घरी सांगितले, की पहिला प्रश्न समुद्र आहे कुठे असा येतो आणि दुसरा नोकरी कुठे मिळणार असा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. समुद्रात मासे कोठे सापडण्याची शक्यता आहे, हे उपग्रहांनी टिपलेल्या समुद्रपृष्ठाच्या तापमानावरून आणि पाण्यातील हरितद्रव्यावरून देशभरातील मच्छीमारांना कळवणारी इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था हैदराबादेत आहे, आणि हैदराबादेतही समुद्र नाही. नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत सागरी वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या, अभ्यासक झाल्या आणि १९८३ साली डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी एक ठरल्या. नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. ते तुम्ही कोणती शाखा निवडता आणि कोणती पदवी घेता यावर बरेच अवलंबून असते, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या निवडीवरच खर्च केला आहे.

पहिली पायरी: प्राणी नव्हे, प्रश्न निवडा

बहुतेक विद्यार्थी या विषयाकडे डॉल्फिन, कासव किंवा प्रवाळ यांच्या ओढीने येतात. ओढ असण्यात वावगे काही नाही, पण या प्राण्यांवरच काम करणारी कायमस्वरूपी पदे भारतात मोजकी आहेत, आणि त्यासाठी इच्छुकांची रांग मोठी असते. प्रत्यक्षात या क्षेत्राचे बहुतांश काम मासेमारी, मत्स्यसंवर्धन, प्रदूषण आणि किनाऱ्यावरील बांधकामांचे परिणाम यांच्याभोवती चालते. म्हणून आवडत्या प्राण्यापेक्षा आपल्याला कोणता प्रश्न सोडवायला आवडेल हे आधी पाहावे.

समुद्रात मासा किती आहे आणि त्यातला किती पकडला तर तो संपणार नाही, हा प्रश्न आवडत असेल तर मत्स्यसाठ्याचे मूल्यमापन ही तुमची शाखा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली, तिचे मुख्यालय कोचीला आहे आणि मुंबईतही तिचे केंद्र आहे. तेथील माणसे बंदरावर उतरलेल्या मासळीचे नमुने घेतात, लांबी आणि वजन मोजतात, पोट फाडून अंडाशयाची अवस्था पाहतात आणि कानातील ओटोलिथ नावाच्या खड्यावरील वलयांवरून वय काढतात. हे काम वरवर कंटाळवाणे दिसते, परंतु त्यातूनच कायदा तयार होतो. महाराष्ट्राने २०२३ साली ज्याला राज्य मासा घोषित केले त्या रुपेरी पापलेटासाठी राज्याने १३५ मिलिमीटर असा किमान आकार ठरवलेला आहे. त्याहून लहान पापलेट पकडायचा नाही. मासा पहिल्यांदा अंडी देण्याजोगा कोणत्या लांबीला होतो याच्या अभ्यासावरून असे आकार ठरतात. ज्याला जीवशास्त्राइतकीच संख्याशास्त्राची गोडी आहे, त्याने या शाखेचा प्रथम विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोन्ही येणारी माणसे कमी आहेत.

समोरचा जीव नेमका कोणता, हा प्रश्न वर्गीकरणशास्त्राचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली स्थापन झालेली संस्था याच कामासाठी आहे आणि तिचे सागरी जीवशास्त्राचे प्रादेशिक केंद्र चेन्नईत आहे. आजकाल जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याची डीएनए बारकोडिंगची पद्धत रूढ झाली आहे. तरीही सूक्ष्मदर्शकाखाली कृमीच्या पायावरचे केस मोजू शकणाऱ्या माणसाची गरज संपलेली नाही, कारण बारकोडला नाव द्यायला अखेर तोच लागतो. या शाखेत पैसा उशिरा येतो आणि चिकाटी पहिल्या दिवसापासून लागते.

मासा किंवा कोळंबी वाढवायची कशी, हा प्रश्न मत्स्यसंवर्धनाचा, आणि खासगी नोकऱ्या सर्वांत जास्त इथेच आहेत. व्हेनामी कोळंबीची बीजकेंद्रे, खाद्य कंपन्या, रोगनिदान प्रयोगशाळा, निर्यातीचे प्रक्रिया कारखाने या सर्वांना प्रशिक्षित माणसे लागतात. आंध्र प्रदेशच्या किनारी जिल्ह्यांत जाऊन राहण्याची तयारी असेल, तर पदवीनंतर लगेच पगार सुरू होऊ शकतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने तळेच्या तळे कसे रिकामे होते, हे एकदा पाहिले की रोगनिदान हा स्वतंत्र अभ्यासविषय का आहे ते समजते.

बंदर, जेट्टी, गाळउपसा किंवा कारखान्याचे सांडपाणी यांमुळे काय बिघडले, हे तपासणाऱ्यांना पर्यावरणीय परिणामांच्या अहवालांचे काम मिळते. त्यात समुद्रतळाच्या गाळातील कृमी, शिंपले आणि खेकडे मोजणे हा मोठा भाग असतो. रसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्यांसाठी समुद्री जीवांपासून औषधे शोधण्याची शाखा आहे. समुद्री स्पंजात आढळलेल्या रेणूंच्या धर्तीवर तयार झालेले सायटाराबिन रक्ताच्या कर्करोगावर वापरतात, आणि शंकूच्या आकाराच्या विषारी गोगलगाईच्या विषावरून बनवलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. ज्यांना पाण्यात उतरण्यापेक्षा संगणकावर बसणे अधिक आवडते त्यांच्यासाठी उपग्रहांच्या आकडेवारीवर चालणारे सागरी परिसंस्थेचे काम आहे.

आता कासवे आणि डॉल्फिन. कोकणात वेळास येथे २००२ सालापासून कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू झाले, आणि २०२२ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून उपग्रह खूण लावून सोडलेल्या ऑलिव्ह रिडले कासवांपैकी पहिलीचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. अशा कामात राज्य वनविभागाचा कांदळवन कक्ष, देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि काही स्वयंसेवी संस्था असतात. इच्छा असेल तर जरूर जा, पण हाताशी दुसरे एखादे कौशल्य ठेवूनच जा.

दुसरी पायरी: बारावी आणि पदवी

लातूर पॅटर्नच्या प्रदेशात जीवशास्त्र घेणारा विद्यार्थी नीटच्या तयारीला लागतो आणि अनेकदा अकरावीतच गणित सोडून देतो. सागरी जीवशास्त्राचा विचार असेल तर हे करू नये. गणित नसल्यामुळे प्रवेश अडेलच असे नाही, परंतु पुढे साठ्याचे मूल्यमापन, परिसंस्थेची प्रतिमाने किंवा उपग्रहांची आकडेवारी यांपैकी कशालाही हात घालताना गणिताची उणीव जाणवते, आणि विशीनंतर ती भरून काढणे जड जाते.

बारावीनंतर दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट मत्स्यविज्ञानाच्या चार वर्षांच्या पदवीची. मराठवाड्यासाठी आनंदाची गोष्ट ही की लातूर जिल्ह्यात उदगीर येथेच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. नागपूरला याच विद्यापीठाचे दुसरे महाविद्यालय आहे, आणि रत्नागिरीजवळ शिरगाव येथील महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. या पदवीत मत्स्यसंवर्धन, मासेमारीची साधने, प्रक्रिया, मत्स्यरोग, विस्तार शिक्षण असे सर्व विषय येतात. प्रवेशाचे नियम आणि प्रवेश परीक्षा यांत वर्षागणिक बदल होतात, म्हणून ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

दुसरी वाट विज्ञान शाखेतील प्राणिशास्त्राच्या पदवीची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्याशी संलग्न अनेक महाविद्यालयांत ही सोय आहे. सोबतीला रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावे. ही वाट मूलभूत संशोधनासाठी मोकळी आणि लवचीक आहे, मात्र पदवी हाती येताच नोकरी देणारी नाही.

यांतली कोणती घ्यावी? घरची परिस्थिती बेताची असेल आणि पदवीनंतर एक-दोन वर्षांत कमावणे भाग असेल, तर उदगीरची वाट घ्यावी, असे मी सांगेन. तिथून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या परीक्षा, बँकांची कृषी अधिकारी पदे, खासगी मत्स्यउद्योग आणि पुढचे शिक्षण हे सगळे खुले राहते. ज्याला पाच-सात वर्षे विद्यार्थी म्हणून काढता येतील आणि ज्याचा ओढा संशोधनाकडे आहे, त्याने प्राणिशास्त्र घेतले तरी बिघडत नाही. पण निर्णयापूर्वी एक काम करावे: आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या मागील दोन-तीन वर्षांच्या जाहिराती काढून त्यांतील शैक्षणिक पात्रतेची ओळ शब्दशः वाचावी. एखाद्या पदाला मत्स्यविज्ञानाचीच पदवी लागते, एखाद्याला प्राणिशास्त्रही चालते. ही बाब पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

तिसरी पायरी: जवळच्या पाण्यावर हात बसवा

पदवीची वर्षे समुद्राची वाट पाहण्यात घालवू नयेत. नाथसागर, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, यांपैकी काही जवळ नसेल तर गावचा पाझर तलाव किंवा शेततळे. नमुना घेणे, जपणे, मोजणे आणि नोंदवणे ही कौशल्ये गोड्या पाण्यातही तीच आहेत. जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तेथे परवानगीशिवाय काही करू नये. इतरत्रही खोल पाण्यात एकट्याने न जाता स्थानिक भोई मच्छीमारांच्या सोबतीने जावे. पाणी कुठे अचानक खोल होते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

सुरुवात सेक्की तबकडीने करावी. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची चकती घ्यावी, तिचे चार समान भाग करून ते आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवावेत, मध्यभागी भोक पाडून खालून वजन आणि वरून दर १० सेंटिमीटरला खूण केलेली दोरी बांधावी. दुपारच्या सुमारास, होडीच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू पाण्यात सोडावी. दिसेनाशी होते ती खोली लिहावी, मग ओढत वर आणताना पुन्हा दिसू लागते ती खोली लिहावी, आणि दोहोंची सरासरी घ्यावी. पाण्याची पारदर्शकता ती हीच. महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागी, वर्षभर ही नोंद ठेवली तर पावसाळ्यातील गाळ आणि उन्हाळ्यातील शेवाळ यांचा फरक आकड्यांत उमटतो, आणि एका वर्षाची अशी वही पुढे कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा जड ठरते.

दुसरा अभ्यास मासळी बाजारात होतो. रोहू कापून देणाऱ्याच्या ओंडक्याशेजारी खवल्यांचा ढीग पडलेला असतो. तेथे जाऊन कापण्यापूर्वीच माशाची लांबी आणि वजन नोंदवावे, आणि पाठीवरच्या पराखालील, मधल्या रेषेच्या वरचे चार-पाच खवले चिमट्याने काढून घ्यावेत. ते धुऊन, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून महाविद्यालयाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की केंद्राभोवती बारीक वर्तुळे दिसतात. वाढ मंदावते त्या काळात ती दाटीने येतात. थंड प्रदेशांतील माशांत वार्षिक वलये ठळक असतात, आपल्याकडे ऋतूंतला फरक कमी असल्याने ती पुसट येतात, आणि म्हणूनच उष्ण कटिबंधातील माशाचे वय काढणे हा आजही वादाचा विषय आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी याच बाजारात अंड्यांनी भरलेल्या माद्या येतात. अंडाशयाचे वजन भागिले माशाचे एकूण वजन, गुणिले शंभर, असा निर्देशांक दर आठवड्याला काढत गेले तर विणीचा हंगाम कधी चढतो आणि कधी उतरतो हे आलेखावर दिसते. मासा जवळच्या धरणातला आहे की आंध्रातून बर्फात आलेला, हे मात्र आधी विचारून घ्यावे. नाहीतर सगळा आलेख भलत्याच तळ्याचा होईल. पापलेटाच्या किमान आकाराच्या अभ्यासातही नमुने असेच हाताळले जातात.

प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी, बारीक विणीचे जाळे लागते. ते बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत मिळते. गोड्या पाण्यात सापडणारा सायक्लॉप्स हा समुद्रातील कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म कवचधारी जीवांचाच भाऊबंद असल्याने तो नीट ओळखता आला तर पुढचे सोपे जाते. नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवताना हातमोजे वापरावेत आणि काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. तो पदार्थ घातक आहे.

जोडीला ‘आर’ ही संख्याशास्त्राची मोफत संगणकप्रणाली आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत साधन शिकून घ्यावे. वर सांगितलेल्या वहीतले आकडेच सरावासाठी वापरावेत. इंग्रजीचे दडपण घेऊ नये, पण शोधनिबंध वाचण्याइतकी इंग्रजी अंगवळणी पाडण्याला पर्याय नाही.

चौथी पायरी: पदव्युत्तर शिक्षण

मत्स्यविज्ञानाच्या पदवीधरांसाठी मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था हे पहिले लक्ष्य असावे. ती १९६१ साली स्थापन झाली आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होतो. प्राणिशास्त्राच्या पदवीधरांनी तमिळनाडूत परांगीपेट्टई येथील अण्णामलाई विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, गोवा विद्यापीठ, कारवारचा सागरी जीवशास्त्र विभाग आणि श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथील पाँडिचेरी विद्यापीठाचा विभाग पाहावा. परांगीपेट्टईचे केंद्र वेल्लार नदीच्या मुखाशीच असल्याने खाडी, कांदळवन आणि समुद्र एकाच आवारातून अभ्यासता येतात. केवळ या कारणासाठी मी ते वरच्या क्रमांकावर ठेवतो.

त्यानंतर संशोधनाकडे जायचे असेल तर जीवविज्ञानाची सीएसआयआर नेट ही परीक्षा द्यावी. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. ही छात्रवृत्ती हाती असली की गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पीएचडीची दारे उघडतात. ही संस्था आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली आणि तिच्याकडे ‘सिंधू साधना’ हे संशोधन जहाज आहे. नेटमध्ये यश आले नाही तर बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएचडी छात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना मिळू शकतात.

पाचवी पायरी: खाऱ्या पाण्याशी ओळख

पोहणे शिका. विहिरीत डबा बांधून शिकलेले पोहणे हा चांगला पाया आहे, पण लाटा आणि ओढ असलेल्या पाण्यात ते पुरत नाही. समुद्रात प्रशिक्षकाबरोबरच उतरावे. स्कूबाचे प्रमाणपत्र प्रत्येकाला लागत नाही. प्रवाळ किंवा तळावरील जीवांचा अभ्यास करायचा असेल तरच त्यावर पैसे खर्च करावेत. पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत उतरता येते, आणि महाराष्ट्रात तारकर्ली येथे प्रशिक्षणाची सोय आहे. दमा, कानाचे किंवा सायनसचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बोट लागणे ही मात्र सर्वांची अडचण. पहिल्या सफरीत उलट्या झाल्या म्हणून क्षेत्र सोडण्याचा विचार करू नये. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, आणि ज्यांना होत नाही तेही प्रयोगशाळेत उत्तम काम करतात.

उन्हाळी प्रकल्पासाठी तीन राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांची संयुक्त संशोधन छात्रवृत्ती आहे. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस भरावे लागतात. शास्त्रज्ञांना थेट पत्र लिहायचे असेल तर ते पाच-सहा ओळींचे असावे. लहानपणापासून समुद्राचे वेड आहे, हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा वाचलेले असते. त्याऐवजी असे लिहावे: ‘मी माजलगाव जलाशयातील प्राणिप्लवकांची जूनपासून दरमहा गणना करत आहे, नोंदी सोबत जोडल्या आहेत. कोपेपॉडांची ओळख प्रजातीपर्यंत नेण्यात मला अडचण येते आणि ते मला आपल्या प्रयोगशाळेत शिकायचे आहे.’ उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्याहून अधिक नाही.

सहावी पायरी: नोकरी आणि पैसा

२०२२-२३ मध्ये देशाच्या सुमारे १७५ लाख टन मत्स्योत्पादनापैकी सुमारे १३१ लाख टन समुद्रातून नव्हे, तर गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यातून आले. म्हणजे मत्स्यविज्ञान शिकलेल्या मराठवाड्याच्या मुलाला परत येऊन आपल्याच भागातील धरणे आणि शेततळ्यांवर काम करण्याचा मार्गही मोकळा आहे. तो दुय्यम समजण्याचे कारण नाही.

संशोधनाच्या बाबतीत पालकांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. राष्ट्रीय संस्थांमधील बरीच पदे प्रकल्पाधारित असतात. प्रकल्प संपला की पद संपते. पीएचडीनंतर कायम पद मिळेपर्यंत अशा दोन-तीन प्रकल्पांवर काम करणे सर्वसाधारण आहे. कायम पदांसाठी कृषी संशोधन सेवेची परीक्षा, राज्य लोकसेवा आयोगाच्या मत्स्यव्यवसाय विभागातील पदांच्या जाहिराती, मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय मत्स्य सर्वेक्षण, आणि सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण यांच्याकडे लक्ष ठेवावे. प्राध्यापकी हा आपल्याकडे सर्वांना सुचणारा पर्याय आहे, पण रखडलेल्या भरतीचा अनुभव पाहता केवळ त्यावर विसंबून राहू नये.

प्रवासाचा खर्च फार नाही. देवगिरी एक्स्प्रेस छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी आणि नांदेड यांना एकीकडे मुंबईशी आणि दुसरीकडे सिकंदराबादशी जोडते. वर्सोव्याची संस्था आणि इन्कॉइस दोन्ही याच गाडीच्या दोन टोकांना येतात. खरा खर्च राहण्याचा असतो, म्हणून अर्ज करतानाच वसतिगृहाची चौकशी करावी. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला ही कामे बारावीचा निकाल लागण्याआधीच मार्गी लावावीत, कारण वैधता समितीकडे प्रकरण महिनोन्‌महिने राहू शकते आणि प्रवेशाची मुदत तेवढा काळ थांबत नाही.